अकोल्यातलं जायफळ

माझ्या बागेतलं एकही झाड अकोल्याच्या मातीत उगवायच्या लायकीचं नव्हतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणूनच तर मी ती लावली. जे सगळ्यांच्या आवारात आपोआप उगवतं, त्यात माझा काय मोठेपणा? कडुलिंबाला, बाभळीला, बोरीला कोण विचारतो? मी तेव्हा तिशीच्या आतला होतो आणि डोक्यात वारं शिरलं होतं. एकट्या माझ्याच नाही, सगळ्या वऱ्हाडाच्या डोक्यात शिरलं होतं.

कापसाचे दिवस होते ते. दूर अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला असा भाव आला होता की लोकांना काय करू नि काय नको झालं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. कुणी ज्वारी मोडून सगळं रान कापसाखाली आणलं आणि मग तीच ज्वारी विकत घ्यायला बाजारात रांगेत उभा राहिला. मी शेतकऱ्याच्या घरचा, पण मोडी अक्षर वळणदार, म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या अकोल्यातल्या वखारीवर गुमास्ता झालो होतो. आलेला कापूस पारखून घ्यायचा, गठाणी बांधायच्या, गाड्या भरून रवाना करायच्या. लोक मला मुनीमजी म्हणत. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एकदा मालकानं मला मालाबरोबर मुंबईला बोलावलं. त्याच्या बंगल्यामागं बाग होती आणि बागेच्या एका कोपऱ्यात काचेचं घर होतं. आत पाऊल टाकलं तर अंगाला ओल लागली. सुपाएवढी पानं, त्यांवर लाल-पिवळे शिंतोडे, छतापासून लोंबणारी मुळं, आणि सगळीकडे पाणी टिपकतंय. वैशाखात ज्या जमिनीला पाय अडकतील अशा भेगा पडतात, तिथं मी लहानाचा मोठा झालो. इतकं हिरवं मी पाहिलंच नव्हतं. मालकाचा माळी एकेका झाडाचं गाव सांगत होता. हे सिंहलद्वीपचं, ते मलाक्याचं, ते त्याच्याही पलीकडचं. मी गठाणींचं काम विसरून सगळी सकाळ तिथंच उभा होतो. निघताना त्या माळ्याच्या हातावर काही टेकवलं आणि क्रोटनच्या दोन फांद्या फडक्यात गुंडाळून आणल्या.

तिथून सुरुवात झाली. मुंबईला कापूस घेऊन गेलेल्या गाड्या परतताना बऱ्याचदा अर्ध्या रिकाम्या यायच्या. त्या रिकाम्या जागेत माझी झाडं येऊ लागली, काथ्यात गुंडाळलेली, ओल्या बारदानात शिवलेली. नेचे आले, पंख्यासारख्या पानांचा ताड आला, रंगीत पानांची अळवं आली. एकदा झाडाच्या खोडावर वाढणारी फुलझाडं आली, त्यांना माती लागत नाही. ती मी नारळाच्या करवंटीत बांधून टांगली. ते पाहून शेजारचा म्हातारा पाटील आठ दिवस हसत होता. जो भेटेल त्याला सांगायचा, "आमच्या मुनीमजीनं पैशे देऊन बांडगूय आनलं मुंबईऊन!"

हसू द्या, म्हटलं. मी आवारात तुराट्यांचा मांडव घातला, त्याच्या चारी बाजूंनी वखारीतली फाटकी बारदानं लोंबवली आणि दिवसातून तीनदा ती भिजवायला लावली. आत गेलं की मुंबईच्या काचेच्या घराची थोडीशी तरी आठवण व्हायची. खरी अडचण होती पाण्याची. अकोल्याकडच्या विहिरींचं पाणी खारं. आमच्या आवारातल्या विहिरीचं तर असं की भांड्यावर पांढरा थर बसायचा आणि डाळ शिजता शिजत नसे. त्या पाण्यावर दूरदेशीच्या झाडांच्या पानांची टोकं आठ दिवसांत तपकिरी पडत. म्हणून मी मोर्णा नदीच्या पात्रात उकरलेल्या झिऱ्याचं गोडं पाणी आणायला एक पखालवाला लावला होता. पाठीवर कातड्याची पखाल घेतलेला त्याचा रेडा रोज सकाळी दारात यायचा. पहिलं पाणी झाडांना, मग रांजणात. माझ्या बायकोला हा क्रम बिलकुल पटत नव्हता.

ती हिवरखेडची, मोठ्या शेतकरी घरातली. झाड म्हणजे एकतर त्याखाली बसावं, नाहीतर त्याचं काही खावं, हा तिचा साधा हिशेब. माझ्या मांडवाकडे बघून म्हणायची, "यातलं एक बी भाजीले येत नाई. मंग हे काहून पोसून राहिले तुमी?" मी तिला चार गोष्टी सांगायचो, ती ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायला निघून जायची. आमचं बरं चाललं होतं.

लढाईच्या दुसऱ्याच वर्षी आम्हांला मुलगी झाली. ती झाली त्याच आठवड्यात मुंबईहून जायफळाची दोन रोपं आली, वीतभर उंचीची, चकचकीत पानांची. दोन अशासाठी की अमरावतीला राजापेठेच्या बाजूला राहणारा एक कापसाचा दलाल माझ्यासारखाच झाडवेडा होता. एक त्याचं, एक माझं, असं आमचं आधीच ठरलं होतं. त्याचं रोप मी पुढच्या गाडीनं रवाना केलं. त्यानं ते एका मोठ्या लाकडी पिपात लावल्याचं कळवलं.

आमच्या घराण्यात रीत होती. मूल झालं की त्याची नाळ आणि वार नव्या मडक्यात घालून, हळद-कुंकू वाहून, सुईण ती आवारात पुरायची आणि त्या जागेवर एक झाड लावायचं. ते झाड त्या मुलाचं. त्याला कुणी कुऱ्हाड लावत नसे, त्याची फांदी मोडत नसे. झाड बरं तर मूल बरं, असं बायका धरून चालत. सुईण बरोबर कडुलिंबाचं रोप घेऊनच आली होती. वऱ्हाडात लिंब मारून मरत नाही, हे त्या बाईला कळत होतं. मला कळलं नाही. मी म्हणालो, माझ्या लेकीला लिंब कशाला? लिंब कुठंही उगवतो.

सुईण म्हणाली, "मुनीमजी, हे परमुलखाचं हाय. इथलं उन्ह सोसन का त्याले?"

मी म्हणालो, "सोसायले मी लावीन."

मुलांच्या गुटीत जायफळ उगाळतात. माझ्या लेकीच्या मुलांना घरच्या झाडाचं जायफळ मिळेल, असं काहीतरी मी बाजेवर पडलेल्या बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती दमलेली होती, हसली, आणि हो म्हणाली. मडक्यावर मातीचा थर दाबून मी स्वतःच्या हातानं जायफळ लावलं.

त्या दिवसापासून माझी बायको मांडवात यायला लागली. बाकीच्या झाडांकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नाही, पण जायफळाची दोन नवी पानं आली की ती आधी तिला दिसायची, मग मला. आमच्याकडे लाडक्या लेकीला माय म्हणतात. ती पोरीला कडेवर घेऊन यायची आणि बोट दाखवायची, "हे पाय, हे मायचं झाड." पोरगी पान ओढायला जायची, आणि आई तिचा हात धरायची. पखालीच्या पाण्याचा क्रमही आता तिला पटला. पहिला तांब्या ती स्वतः घालायची. मी मनात म्हणायचो, बरं झालं, घरात एक तरी माणूस आपल्या बाजूला आलं. मूर्ख होतो. ती माझ्या बाजूला आली नव्हती, पोरीच्या बाजूला उभी होती.

पोरगी दोन वर्षांची झाली. झाड तिच्या डोक्याच्या थोडं वर गेलं होतं. वैशाखात बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं आणि ती पोरीला घेऊन दीड महिन्यासाठी हिवरखेडला गेली. जाताना दमणीत, आमच्या हलक्या बैलगाडीत, बसल्यावर म्हणाली, "माय माह्यासंगं हाय, तिच्याकडं मी पाहीन. तिच्या झाडाकडं तुमी पाहा. गोडंच पानी घाला बरं."

ती गेली आणि चौथ्या दिवशी पखालवाला यायचा बंद झाला. मी त्याला वखारीच्या वाटेवर गाठलं. त्याला कापसाच्या वखारींवर दुप्पट मजुरी मिळत होती. कशाची, तर कापसावर पाणी मारायची. गठाणी बांधण्याआधी कापूस भिजवला की तो जड भरतो, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं आणि सगळेच करत होते. मी ज्या वखारीवर होतो तिथंही ते चालायचं आणि मी मान वळवून घ्यायचो. पखालवाल्यानं मला आदरानं सलाम केला आणि म्हणाला, "मुनीमजी, तुमच्या झाडाले पानी घालून माह्या घरची चूल पेटन का? तुमीच सांगा." मी वखारीची वाट धरली.

त्याच आठवड्यात मला वखारीच्या कामानं अमरावतीला जावं लागलं. मी घरच्या गड्याला सांगितलं, नदीवरून रोज दोन घागरी आण, आणि नाहीच जमलं तर विहिरीचं घाल, चार दिवसांनी काय होतंय. चार दिवसांचे पंधरा झाले. उन्ह असं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. गड्यानं नदी एकदाच पाहिली असावी. शिवाय झाड कोमेजलं म्हणून घाबरून त्यानं आपल्या अकलेनं बुंध्याशी सरकीच्या पेंडीचा ढीग घातला. बैलाला पेंड मानवते, मग झाडाला का नाही? त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. चार दिवसांनी काय होतंय, हे मीच म्हणालो होतो.

मी परतलो तेव्हा पानं तपकिरी होऊन वळली होती. हात लावला की गळत होती. मी नखानं खोडाची साल खरवडली. आत हिरवं असतं, तिथं कोरडं पिवळट लाकूड लागलं. खाली खरवडलं, आणखी खाली खरवडलं, अगदी मातीपर्यंत. मग तिथंच मांडवात बसलो आणि मला रडू आलं. झाडासाठी नव्हे. बायको काय म्हणेल, या भीतीनं आलं.

ती रागावली असती तर मला चाललं असतं. पण मला तिचा चेहरा दिसत होता. त्या दिवसापासून पोरगी शिंकली तरी ती दचकली असती. पोरीच्या तोंडाकडे बघून तिनं प्रत्येक दिवस मोजला असता. मी स्वतःला म्हणालो, तिच्या जिवाला हा घोर कशाला? आता इतक्या वर्षांनी म्हणतो की त्यात तिची काळजी चार आणे होती आणि माझी लाज बारा आणे.

मी तडक दमणी जुंपली आणि पुन्हा अमरावतीला गेलो. दलालाच्या अंगणात त्याचं जायफळ पिपात उभं होतं. तीच उंची, तोच डौल, एकाच झाडाच्या बियांची भावंडं. त्याला विहिरीचं गोडं पाणी होतं. मी आधी इकडचं तिकडचं बोललो, मग सगळं सांगितलं. तो उठून पिपाजवळ गेला. मग म्हणाला, "झाड घेऊन जाय. पन वयनीले खरं सांगजो. बाईमानसाले झाडाचं लगेच समजते." मी हो म्हणालो. बदल्यात माझी करवंटीतली सगळी फुलझाडं त्याला द्यायचं कबूल केलं, तर तो नको म्हणाला.

तीन दिवस ते झाड दमणीत घेऊन आलो. वर ओली बारदानं, दर कोसाला पाण्याचे शिंतोडे. लेकराला नेतात तसं नेलं. घरी आल्यावर जुनं झाड उपटलं, खड्डा थोडा रुंद केला. खाली मडक्याचा काठ लागला तेव्हा हात थांबवला आणि मडकं जागचं हलवलं नाही. पिपाच्या फळ्या काढून मातीच्या गड्ड्यासकट नवं झाड त्यावर बसवलं. नाळ तीच आहे, जागा तीच आहे, फक्त वरचं झाड बदललं, असं मी स्वतःला समजावलं. गड्याला दम भरला. स्वतः रोज पहाटे नदीवर जाऊन घागरी आणल्या. झाडानं चार पानं टाकली आणि मग सावरलं.

बायको आली. पोरीला कडेवरून उतरवायच्या आधी मांडवात गेली. मी ओसरीवर उभा होतो. ती बाहेर आली ती हसत. "वाढलं की वो! तुमी खरंच पाह्यलं." दलालाचा अंदाज चुकला होता. तिला समजलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी पोरीला उचलून आवारभर नाचवली.

पावसाळा लागला आणि आषाढाच्या शेवटी पोरीला ताप आला. एक दिवस आड यायचा, थंडी वाजून यायचा आणि घाम येऊन उतरायचा. तिजारी म्हणतात ती. गावातले काढे झाले, अंगारा झाला. उतार पडायचा, पोरगी उठून खेळायची, पुन्हा अंथरूण धरायची. हात काडीसारखे झाले, पोट पुढं आलं. तापावर औषध देणारा एक नावाजलेला वैद्य पातूरला होता. मी म्हणालो, पोरीला घेऊन पातूरला जाऊ.

बायको मला हाताला धरून मांडवात घेऊन गेली. पावसानं जायफळ असं माजलं होतं की विचारू नका. प्रत्येक टोकाला कोवळी तांबूस पालवी. "हे पाहा," ती म्हणाली. "इतकं हिरवं कवा तरी व्हतं का? पोरीले काय होते? निंघून जाईन ताप. अशा चिखलात, अशा पान्यात तिले दोन दिवस गाडीत हालवून काहून न्यायचं? त्यानंच तिचं जास्त व्हईन."

तिथं, त्या क्षणी, मला बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. हे ते झाड नाही. ते वाक्य मी मनात जुळवलंही. पण तिच्या चेहऱ्यावर इतका धीर होता, आणि तो धीर माझ्या खोट्यावर उभा होता. ते खोटं काढून घेतलं असतं तर ती तिथंच कोसळली असती. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ताप आला नाही, मग सांगायची गरज वाटली नाही. तिसऱ्या दिवशी आला.

आणखी एक कबूल करतो, कारण हे कबूल केल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. पुढंपुढं मीही सकाळी उठून आधी झाड पाहू लागलो. ज्यानं स्वतःच्या हातानं ते झाड बदललं तो मी, पालवी पाहून मलाही बरं वाटायचं. नाळ तीच आहे ना, असं मी म्हणायचो. असा महिना गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरगी खाल्लेलं ठेवेना. मी म्हणालो, आता बस झालं, उद्याच निघायचं. पण उद्या पोळा. त्या दिवशी वऱ्हाडात बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षभर राबलेल्या बैलाला त्या दिवशी अंघोळ, झूल, पुरणपोळी. गाडी जुंपा म्हटलं असतं तर गावानं मला वेड्यात काढलं असतं. तरी गावात एक-दोन घोडी होती. हातापाया पडलो असतो तर मिळाली असती. बायको म्हणाली, "पोया झाला की जाऊ. झाड चांगलं हाय. दोन दिसानं काई व्हत नाई." मी तेवढ्यावर थांबलो.

पोरगी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी गेली. आईच्या मांडीवर होती. बाहेर लोक बैलांना पुन्हा कामाला जुंपत होते.

अकराव्या दिवशी बायको मांडवात जाऊन बसली आणि मला हाक मारली. "झाड तं हिरवंगार हाय," ती म्हणाली. "मंग माय कशी गेली?" तिनं हे मला दोष द्यायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. तिला मोडी येत नव्हती, ती जशी मला कागद वाचून दाखवायला सांगायची, तसं तिनं विचारलं. मी म्हणालो, मला काय माहीत.

मग आजूबाजूच्या बायकांनी तिची समजूत काढताना सांगितलं, की पोरीचं उरलेलं आयुष्य झाडाला लागलं. तिनं ते धरून ठेवलं. सकाळचा पहिला घास ती झाडाच्या आळ्यात ठेवू लागली. त्याच्याशी बोलू लागली, माय म्हणूनच. मी मांडवात जायचं बंद केलं. माझे नेचे वाळले, ताड गेला, करवंटीतली फुलझाडं गेली. ते एकटं जायफळ तिच्या हाताखाली वाढत राहिलं.

पुढं लढाई संपल्याची बातमी आली आणि कापूस धाडकन खाली आला. चांदीच्या शेंब्या शिंगांवरून उतरल्या. माझ्या मालकानं अकोल्याची वखार बंद केली. अमरावतीच्या त्याच दलालानं मला आपल्याकडे बोलावलं. घर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, "तुमी जा. मी नाई येत. मायले एकटी टाकून मी कशी येऊ?"

मी रागावलो, मग विनवलं. ती म्हणाली, मग झाड उकरून घ्या. मी खोडाभोवती माती उकरून पाहिली. आता ते पिपातलं रोप राहिलं नव्हतं, मूळ खोल गेलं होतं. चैत्राचं उन्ह. ते काढलं असतं तर वाटेतच मेलं असतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर पोरगी दुसऱ्यांदा गेली असती. न काढावं तर ती इथं, रिकाम्या आवारात, एकटी. दोन दिवस मी दोन्ही बाजू घोळवल्या. मग तिला मांडवात बसवलं आणि सगळं सांगितलं. खारं पाणी, पेंड, अमरावती, पीप, सगळं. बोलताना मी जमिनीकडे पाहत होतो.

तिनं एकच विचारलं. "कवा?"

"तू लग्नाले हिवरखेडले गेलती तवा."

मग आवाज न चढवता म्हणाली, "मंग मायचं झाड तं तवाच मेलं व्हतं. मले ठाऊक असतं तं मी पहिल्या तापातच तिले पातूरले नेली असती. पायी नेली असती."

ती उठली आणि भांडी बांधायला लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. झाडाकडे तिनं पाहिलं नाही. दमणीत ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. मूर्तिजापूर गेलं, एक मुक्काम झाला. बडनेरा दिसू लागलं तेव्हा तिनं न वळता विचारलं, "तिचं खरं झाड. जे मेलं ते. त्याचं काय केलं तुमी?"

"मोर्णेत सोडलं," मी म्हणालो.

"हयद-कुंकू वाह्यलं का?"

"हो."

तिनं मान हलवली. तिचे खांदे जरा सैल झाले, आणि मला वाटलं, चला, एवढं तरी समाधान तिला मिळालं.

बायको जाऊन आता सहा वर्षं झाली. ते मेलेलं झाड मी गुडघ्यावर मोडून आंघोळीच्या पाण्याखाली, चुलीत घातलं होतं. वाळलेलं लाकूड, भराभर पेटलं. त्या पाण्यानं आंघोळ करून मी वखारीत कामाला गेलो. हे मी तिला कधीच सांगितलं नाही.